घरच्यांना घेऊन पहिल्यांदा बालीला जाताना

प्रश्न थोडक्यात असा आहे : जुलैमध्ये सात रात्रींसाठी बालीला जायचंय, सोबत सत्तरीतले आईवडील आणि आठ वर्षांची मुलगी, घरातले तिघं शाकाहारी. राहायचं कुठे, देवळात कसं वागायचं, खायचं काय, समुद्रात उतरायचं का, स्कूटर घ्यायची का. शिवाय आईंचं म्हणणं, "तिथले लोक हिंदूच आहेत ना, मग वेगळं काय शिकायचंय?"

मी आईंच्या म्हणण्यापासूनच सुरुवात करते. मराठी मंडळींचे गट बालीला नेण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे, आणि आपल्या माणसांच्या तिथे ज्या काही अडचणी होतात त्यातल्या निम्म्या "हे तर आपलंच" या समजुतीतून होतात. युरोपातला पाहुणा देवळाच्या दारात बिचकून उभा राहतो, कुणी सांगेपर्यंत आत पाऊल टाकत नाही. आपण चपला काढून सरळ गाभारा शोधायला निघतो. ओळखीची माणसं भेटल्याचा आनंद खरा आहे आणि तो जरूर घ्यावा. पण तिथे आपण पाहुणे आहोत, आणि यजमानाच्या घरची पद्धत पाहुण्याने आधी समजून घ्यायची असते.

इंडोनेशियातली बहुसंख्य जनता मुस्लिम आहे. त्यात बाली हे सुमारे त्रेचाळीस लाख वस्तीचं बेट, आणि तिथली दहातली जवळजवळ नऊ माणसं हिंदू. त्यांची त्रिसंध्या गायत्री मंत्राने सुरू होते. चौकाचौकात अर्जुन, भीम, घटोत्कच उभे असतात. दारात गणपती असतो. हे सगळं पाहून आईंचे डोळे भरून येतील. देवळात शिरल्यावर मात्र मूर्ती शोधू नका, ती बहुधा नसते. बालीचं देऊळ, म्हणजे पुरा, हे आकाशाखाली उघडं आवार असतं. एकामागे एक अशी साधारण तीन अंगणं, आणि सगळ्यात आतल्या अंगणात छोटी छोटी देवघरं, बरीचशी रिकामी. उंच दगडी पीठावर एक रिकामं आसन दिसतं, ते पद्मासन. परमेश्वराला ते सांग ह्यांग विधी म्हणतात, आणि हे आसन त्याच्यासाठी. देव कायम तिथे राहत नाहीत, उत्सवाला त्यांना बोलावलं जातं, मानपान होतो आणि मग निरोप दिला जातो. दर देवळाचा वर्धापन उत्सव, ओडालान, बहुतेक ठिकाणी २१० दिवसांच्या पंचांगाप्रमाणे येतो. बेटावर देवळं हजारोंनी असल्यामुळे कुठे ना कुठे उत्सव चालूच असतो, आणि तुम्हाला तो रस्त्यात भेटणारच.

आता नियम. कमरेखाली सारोंग आणि त्यावर कमरेला पट्टा, सलेंदांग, हे बाई-पुरुष-मूल सगळ्यांना. खांदे झाकलेले हवेत. मोठ्या देवळांत हे वस्त्र दारात मिळतं, तरी पहिल्याच दिवशी बाजारातून आपापलं एकेक घेऊन टाका, गाडीत ठेवा. आईंची साडी असली तरी कमरेचा पट्टा लागतो, बाबांच्या पॅन्टवरही लागतो. आतलं अंगण पूजेसाठी येणाऱ्यांचं. मार्च २०२५ मध्ये बालीच्या राज्यपालांनी परदेशी पाहुण्यांसाठी जे परिपत्रक काढलं त्यातही हे स्पष्ट लिहिलं आहे : पूजा करायची नसेल, किंवा अंगावर पारंपरिक पोशाख नसेल, तर देवळाच्या आतल्या पवित्र भागात जायचं नाही. पाळी चालू असलेल्या स्त्रीने आत जायचं नाही, हा नियमही त्यात आहे, आणि देवळांच्या दारांवरच्या पाट्यांवरही असतो. घरात मृत्यू झाला असेल तर तीही अडचण मानतात, आपल्याकडच्या सोयरसुतकासारखीच. याबाबत आपलं प्रत्येकाचं मत वेगळं असू शकतं, माझंही आहे. माझ्या गटातल्या बायकांना मी निघण्याआधीच सांगून ठेवते, म्हणजे देवळाच्या दारात कुणाची कुचंबणा होत नाही आणि त्या दिवशी बाहेरच्या अंगणात बसायचं की दुसरीकडे फिरायचं हे जिचं तिला ठरवता येतं. दारातल्या सेवकाशी वाद घालणं मात्र चुकीचं, कारण नियम त्याने केलेला नाही.

पुजाऱ्यापेक्षा किंवा नैवेद्यापेक्षा उंच जागी उभं राहायचं नाही. फोटोसाठी कठड्यावर चढणं म्हणूनच त्यांना फार लागतं. पूजा करणाऱ्यांच्या समोरून जायचं नाही, मागून जायचं. कुणाच्याही डोक्याला हात लावायचा नाही, लहान मुलाच्या गालाला लाडाने हात लावतानाही आधी आईकडे बघायचं. झाडाला किंवा दगडाला काळ्या-पांढऱ्या चौकटीचं कापड गुंडाळलेलं दिसलं की ती जागा जागृत आहे असं समजा आणि त्याला टेकून उभे राहू नका.

आईंना खरोखर पूजा करायची असेल तर करता येते, आणि ती त्यांनी करावी असं मला मनापासून वाटतं. एकदा आमच्या गटातल्या एका आजोबांना देवळाच्या दारातल्या गणपतीपुढे नारळ फोडायचा होता. पुजाऱ्याने, तिथे त्याला पमांकू म्हणतात, त्यांचा हात हलकेच धरून त्यांना आतल्या अंगणात आपल्या शेजारी बसवलं. पुरुष मांडी घालून, बायका पाय दुमडून. आधी दोन्ही हात उदबत्तीच्या धुरावर धरून शुद्ध करायचे. मग पाच वेळा हात जोडून कपाळाशी न्यायचे : पहिल्यांदा रिकामे, दुसऱ्यांदा बोटांच्या टोकांत पांढरं फूल धरून सूर्यरूपासाठी, नंतर दोनदा रंगीत फुलं घेऊन, आणि शेवटी पुन्हा रिकामे. मग पमांकूने फुलाने तीर्थ शिंपडलं, ओंजळीत तीनदा प्यायला दिलं, तीनदा तोंडावरून फिरवायला दिलं. शेवटी भिजवलेल्या तांदळाचे दाणे, ते त्याला बीजा म्हणतात, कपाळावर चिकटवले. आजोबांनी नारळ मग गाडीत परत नेऊन ठेवला आणि दिवसभर कपाळावरचे तांदूळ पडू दिले नाहीत. तुमच्या ड्रायव्हरला किंवा गाइडला आदल्या दिवशी सांगा की आईंना पूजा करायची आहे. तो फुलं, उदबत्ती, नैवेद्याची टोपली सगळं आणवेल आणि कुठल्या देवळात जायचं तेही सुचवेल.

ताम्पाकसिरिंगच्या तीर्ता एम्पुलला मात्र जाच. इसवी सन ९६२ पासूनचं हे झऱ्याचं तीर्थ. कुंडात उतरून एकेका धारेखाली डोकं धरतात. उतरण्याआधी तिथलं स्नानाचं वस्त्र घ्यावं लागतं. डावीकडून सुरुवात करून पुढे सरकायचं, पण दोन धारा मृतांच्या विधींसाठी राखलेल्या आहेत, त्या सोडायच्या. कोणत्या, ते तिथला सेवक दाखवतो. पाणी चांगलंच गार असतं आणि तळाचे दगड निसरडे, तेव्हा बाबांचा हात धरून उतरा. सकाळी लवकर गेलात तर स्थानिक लोकांच्या बरोबरीने शांतपणे होतं, दहानंतर रांग लागते.

सकाळी हॉटेलबाहेर पडाल तेव्हा पायाखाली बघून चाला. उंबऱ्यावर, दुकानापुढे, गाडीच्या डॅशबोर्डवर, पुलाच्या कठड्यावर पानांचे तळहाताएवढे द्रोण ठेवलेले असतात : चानांग सारी. कोवळ्या पानाची टाचलेली तळी, त्यात पूर्वेला पांढरं फूल, दक्षिणेला लाल, पश्चिमेला पिवळं, उत्तरेला निळं किंवा हिरवं. मधे बारीक चिरलेली हिरवी पानं, कधी बिस्किट, कधी एखादी सिगारेटसुद्धा. घरातली बाई ते ठेवते, उदबत्ती लावते, फुलाने पाणी शिंपडते आणि हाताने धूर देवाकडे वळवते. मुलीला हे आधीच दाखवून ठेवा आणि सांगा की ओलांडायचं नाही, वळसा घालून जायचं. धूर विझल्यावर कुत्री-कोंबड्या ते विस्कटतात तेव्हा कुणी रागावत नाही, त्यामुळे नकळत पाय लागला तर घाबरून जाऊ नका. हात जोडा, पुढे चला. आणि तासभर वेळ काढून मुलीला चानांग विणायला बसवा. बेटाच्या मधल्या उबुद गावात बऱ्याच घरगुती मुक्कामांत यजमानीण हौसेने शिकवते, आजीही बसतील. माझ्या मते सात दिवसांतला सगळ्यात चांगला तास तो असेल.

तारखांचं एक भान ठेवा. बालीचं नवं वर्ष शक गणनेचं आहे, आकडासुद्धा आपल्या शालिवाहन शकाचाच. २०२३ मध्ये त्यांचा न्येपी आणि आपला पाडवा एकाच दिवशी, २२ मार्चला आला आणि दोघांचाही शक १९४५ सुरू झाला. अधिक महिन्यांचा हिशेब वेगळा असल्यामुळे २०२४ मध्ये मात्र जवळजवळ महिन्याचं अंतर पडलं. आपण गुढी उभारून गोडधोड करतो, ते सकाळी सहापासून दुसऱ्या सकाळी सहापर्यंत पूर्ण मौन पाळतात. दिवे नाहीत, काम नाही, रस्त्यावर माणूस नाही, विमानतळ चोवीस तास बंद, मोबाइलचं इंटरनेटसुद्धा बंद. पाहुण्यांनीही हॉटेलातच थांबायचं. तुम्ही जुलैत जाताय म्हणून हे तुम्हाला लागू नाही, पण मार्चमध्ये जाणाऱ्यांनी तिकीट काढण्याआधी तारीख बघावी. गालुंगान आणि त्यानंतर दहा दिवसांनी येणारा कुनिंगान हे सण २१० दिवसांनी फिरून येतात, तेही बघून ठेवा. त्या दिवसांत रस्त्याच्या दुतर्फा नक्षीदार, वाकलेले बांबू, पेंजोर, उभे असतात आणि गाव देखणं दिसतं. पण ड्रायव्हर सुट्टीवर असतात आणि बरीच दुकानं बंद.

माणसांशी बोलताना नावाआधी "पाक" किंवा "बू" लावा, वडीलधाऱ्या पुरुषाला आणि बाईला. तरुण ड्रायव्हरला "ब्ली", म्हणजे दादा, तरुणीला "म्बोक", म्हणजे ताई. पहिल्या अपत्याचं नाव बहुधा वायान, दुसऱ्याचं मादे, तिसऱ्याचं न्योमान, चौथ्याचं केतुत, पाचव्याला पुन्हा वायान. मुलगा असो की मुलगी. त्यामुळे हॉटेलच्या काउंटरवर "वायानने सांगितलं होतं" म्हणून काही उपयोग होत नाही, टोपणनाव विचारून ठेवा. हात जोडून "ओम स्वस्तिअस्तु" म्हटलं की समोरचा खुलतोच. वस्तू आणि पैसे उजव्या हाताने द्या. घासाघीस बाजारात चालते, हसत हसत करा आणि एकदा भाव ठरला की मागे फिरू नका. आवाज चढवलात की काम अडलंच म्हणून समजा. तिथे चारचौघांत रागावणं म्हणजे दोघांचीही अब्रू जाणं, त्यामुळे समोरचा हसून मान हलवेल आणि काहीच करणार नाही. आपल्या गटांचा मोठ्याने बोलण्याचा, रेस्टॉरंटमध्ये तीन टेबलं ओलांडून हाका मारण्याचा स्वभाव तिथे खूप जाणवतो. मी हे दरवेळी बसमध्ये पहिल्याच दिवशी सांगते.

राहण्याचं माझं मत स्पष्ट आहे : चार रात्री उबुद आणि तीन रात्री सानुर. आईवडील आणि लहान मूल सोबत असताना कुटा, सेमिन्याक, चांगू या पश्चिम किनाऱ्यावर राहू नका. तिथे गर्दी, रात्रीची गाणी आणि उसळता समुद्र. सानुरला पूर्वेकडे प्रवाळाचा बांध आहे, त्याच्या आत पाणी शांत, किनाऱ्याने लांबवर फरसबंद वाट आहे, बाबांना सकाळी सूर्योदय बघत चालता येईल. जुलै-ऑगस्ट हे तिथे पतंगांचे दिवस. माशाच्या आकाराचे, लांबच लांब शेपटाचे, दहा-दहा माणसांनी मिळून उडवायचे पतंग, प्रत्येक वस्तीचा, म्हणजे बांजारचा, आपला संघ. सानुरजवळच्या किनाऱ्यावर हे बघायला मिळालं तर मुलगी हलणार नाही. नुसा दुआही शांत आहे, पण तो हॉटेलांचा बंदिस्त भाग, तिथे बाली कमी दिसतं.

अंतरं नकाशावर फसवी दिसतात. विमानतळ ते उबुद जेमतेम पस्तीस-चाळीस किलोमीटर, पण दीड तास धरा, संध्याकाळी दोन. रस्ते अरुंद, आणि मिरवणूक आली की सगळे थांबतात. चौकटीचं वस्त्र नेसलेले पचालांग, म्हणजे गावचे रक्षक, हात दाखवतील. खाली उतरून बघा, हॉर्न वाजवायला लावू नका. एका दिवशी एकच दिशा ठरवा. लेंपुयांग देवळाच्या दारातला तो प्रसिद्ध फोटो, ज्यात खाली तळं दिसतं, तो फोनखाली आरसा धरून काढतात, तिथे तळं नाही. फोटोसाठी तासन् तास रांग असते. आईवडिलांना घेऊन त्या फोटोसाठी एवढ्या लांब जाणं मला पटत नाही. त्याऐवजी जातिलुविहची भातशेती बघा. शेतकऱ्यांच्या सुबाक नावाच्या पाणीवाटप मंडळांनी शतकानुशतकं सांभाळलेली ही पायऱ्यांची शेतं २०१२ पासून जागतिक वारशात आहेत. कुणी कधी पेरायचं, पाणी कधी सोडायचं, हे वरच्या देवळापासून खालच्या शिवारापर्यंत मिळून ठरतं. बांधावरून चालताना रोपांवर पाय पडू देऊ नका. ते कुणाचं तरी चालू पीक असतं.

स्कूटरचं उत्तर : नको. भारतासारखंच डाव्या बाजूने चालवतात म्हणून सोपं वाटतं, आणि दुकानदार कागद न बघता किल्ली हातात देतो. पण दुचाकीचा शिक्का असलेलं आंतरराष्ट्रीय परमिट नसेल तर पोलिसांचा दंड वेगळा आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. दवाखान्याचं बिल मग आपल्या खिशातून. पाच माणसांना ड्रायव्हरसह दिवसाची गाडी हाच योग्य मार्ग. ड्रायव्हर चांगला मिळाला तर तोच पुढचे सगळे दिवस ठेवा. ग्रॅब आणि गोजेक ही गाडी मागवायची अ‍ॅप्स चालतात, पण काही गावांत स्थानिक टॅक्सीवाले त्यांना आत येऊ देत नाहीत, तशी पाटी असते. तिथे ड्रायव्हरवर दबाव आणू नका, मुख्य रस्त्यापर्यंत चालत जा.

शाकाहाराचं. बालीत शाकाहारी खाणं भरपूर आहे, पण "व्हेजिटेबल" म्हटलं की भाजी आली एवढंच त्यांना कळतं, त्यात काय नसावं ते कळत नाही. सांबालमध्ये, म्हणजे तिथल्या मिरचीच्या चटणीत, तरासी, म्हणजे वाळवलेल्या कोळंबीचा गोळा, असतो. कुरकुरीत पापड, करुपुक, बहुधा कोळंबीचा. भाजीचं सूप कोंबडीच्या पाण्यात. म्हणून हे शब्द लिहून घ्या : तान्पा म्हणजे शिवाय, डागिंग मांस, इकान मासा, आयाम कोंबडी, उदांग कोळंबी, बाबी डुक्कर, सापी गाय-बैल, तलुर अंडं. "तान्पा डागिंग, तान्पा इकान, तान्पा तरासी" एवढं म्हटलं की वारुंगमधली बाई समजते. वारुंग म्हणजे घरगुती खाणावळ. नासी चांपुर मागा : भात आणि काचेआडच्या भाज्यांतून बोट दाखवून आपण निवडायचं, तेही अंगठ्याने दाखवलं तर जास्त सभ्य. तेंपे आणि ताहु हे रोजचे मित्र. तेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, तळून फार छान लागते. ताहु म्हणजे टोफू. गाडो-गाडो, म्हणजे उकडलेल्या भाज्या, मागताना शेंगदाण्याच्या सॉसमध्ये तरासी नाही ना ते विचारा आणि अंडं काढायला सांगा. काटेकोर सोवळ्याचा प्रश्न असेल तर उबुदमधल्या पूर्ण शाकाहारी खाणावळींत जा, तिथे त्या बऱ्याच आहेत. आणि एक : कढई वेगळी असेल अशी अपेक्षा साध्या वारुंगमध्ये ठेवू नका. आईंना ते चालणार नसेल तर स्वयंपाकघर असलेला व्हिला घ्या.

नळाचं पाणी दात घासायलाही नको. बर्फ हॉटेलात आणि बऱ्या रेस्टॉरंटमध्ये कारखान्यातला असतो, तो चालतो. रस्त्यावर ठेचलेला बर्फ टाळा. आपापल्या बाटल्या न्या, भरून मिळतात. प्लास्टिकच्या पिशव्यांवर २०१९ पासून बंदी आहे, कापडी पिशवी हातात ठेवा. अराक या स्थानिक दारूची स्वस्त कॉकटेल्स अजिबात घेऊ नका. मिथेनॉल मिसळलेल्या दारूने तिथे पर्यटक दगावले आहेत.

समुद्राबद्दल मी जरा जास्तच कडक आहे. कुटापासून चांगूपर्यंतच्या किनाऱ्यावर परतीचा ओढा, म्हणजे आत खेचणारा प्रवाह, फार जोरदार असतो. पाणी गुडघ्याएवढं दिसतं आणि दोन लाटांत माणूस आत गेलेला असतो. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच उतरायचं. नुसता लाल झेंडा असेल तर पाय बुडवायलाही नाही. लाटा जिथे फुटत नाहीत, जिथे पाणी गुळगुळीत आणि गढूळ दिसतं, तीच जागा बहुधा ओढ्याची, आणि ती शांत वाटते म्हणून आपली माणसं मुलांना घेऊन नेमकी तिथे उतरतात. ओढ्यात सापडलात तर किनाऱ्याकडे पोहू नका, दमून जाल. तरंगत राहा, हात वर करा, किनाऱ्याला समांतर सरका, ओढा सुटला की मग परत या. मुलीला फक्त सानुर किंवा नुसा दुआला, भरतीच्या वेळी, हाताच्या अंतरावर ठेवून पाण्यात न्या. ओहोटीला तिथे प्रवाळ उघडे पडतात, तळवे कापतात, रबरी बूट घाला.

नुसा पेनिडा या जवळच्या बेटाची एका दिवसाची सहल सगळेच विकतील. जुलैत समुद्र खवळलेला असतो, बोट आपटते, बेटावरचे रस्ते हाडं खिळखिळी करतात आणि तिथल्या केलिंगकिंग किनाऱ्याचा उतार शिडीसारखा. आईवडिलांना नेऊ नका. तुम्ही दोघं गेलात तर कड्याच्या टोकावर, ओल्या खडकांवर उभे राहू नका, लाट अचानक वर येते.

माकडं. उबुदच्या माकडवनात आणि कड्यावरच्या उलुवातू देवळात चष्मा, टोपी, कानातलं, फोन, सगळं पिशवीत. उलुवातूची माकडं वस्तू पळवतात आणि खाऊ दिल्यावरच सोडतात, यावर संशोधकांनी अभ्यासही केले आहेत. बाबांना चष्म्याशिवाय चालत नसेल तर मागे दोरी लावा. मुलीला सांगा : डोळ्यांत बघायचं नाही, दात दाखवून हसायचं नाही, हातात केळं धरायचं नाही. बालीत २००८ पासून रेबीज आहे, म्हणून रस्त्यावरच्या कुत्र्यालाही हात लावायचा नाही. ओरखडा जरी आला तरी साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी दवाखाना. हे परत आल्यावर बघू म्हणायचं काम नाही. उलुवातूला संध्याकाळी कड्यावर केचाक होतं : वाद्यं नाहीत, वर्तुळात बसलेल्या पुरुषांचा "चाक-चाक" असा गजर, आणि मधे रामायण. हे रूप १९३० च्या दशकात घडलं. आजी-आजोबांना प्रत्येक प्रसंग ओळखू येईल, ते नातीला समजावत बघतील. तिकीट आधी काढा आणि मावळतीचं ऊन डोळ्यांवर येणार नाही अशी बाजू निवडा.

वाटेत अंत्यसंस्काराची मिरवणूक, ङाबेन, भेटू शकते. उंच मनोरे, बैलाच्या आकाराची पेटी, वाद्यं, हसती माणसं. थांबून बघायला हरकत नाही, कडेला उभे राहा आणि रडणं दिसलं नाही म्हणून त्यांना दुःख नाही असं मुलीला सांगू नका. मृताच्या आत्म्याची वाट अडू नये म्हणून ते अश्रू आवरतात.

कागदपत्रं भराभर सांगते. पासपोर्ट पोहोचल्यापासून सहा महिने वैध हवा आणि फाटका, भिजलेला नको, त्यावरून खरंच अडवतात. आगमन व्हिसा माणशी पाच लाख रुपिया, तीस दिवसांचा. शिवाय बालीचा पर्यटन कर दीड लाख रुपिया, १४ फेब्रुवारी २०२४ पासून लागू. दोन्ही घरूनच ऑनलाइन भरता येतात, पण नकली संकेतस्थळं पुष्कळ आहेत. पत्त्याच्या शेवटी "डॉट गो डॉट आयडी" असेल तरच पैसे भरा. एक लाख रुपिया म्हणजे आपले साधारण पाचशेच्या घरात, त्यामुळे शून्यं मोजायची सवय पहिल्या दिवशी लावून घ्या. पैसे बदलताना पाटीवरचा भाव शेजारच्यांपेक्षा फार चांगला दिसला तर आत जाऊ नका. नोटा टेबलावर आपण मोजायच्या, आणि मोजून झाल्यावर त्या दुकानदाराच्या हातात परत द्यायच्या नाहीत. हातचलाखी नेमकी तिथे होते. बऱ्याच एटीएममध्ये पैसे आधी येतात आणि कार्ड नंतर, ते घ्यायला विसरू नका. मेन्यूवर दोन अधिकची चिन्हं दिसली तर कर आणि सेवाशुल्क मिळून एकवीस टक्क्यांपर्यंत वाढ धरा.

आईवडिलांची औषधं मूळ पट्टीतच न्या, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह. झोपेची किंवा कोडीन असलेली खोकल्याची औषधं असतील तर चिठ्ठी हवीच, कारण अमली पदार्थांचे तिथले कायदे अतिशय कठोर आहेत, मृत्युदंडापर्यंत. कुणी ओळखीच्याने "एवढं पाकीट पोचवा" म्हटलं तर नाही म्हणा. डास चावू देऊ नका, डेंग्यू आहे.

प्रवासविमा काढाच, आणि त्यात ज्वालामुखीच्या राखेने विमान रद्द झाल्यास भरपाई आहे का ते वाचा. बालीतला आगुंग १९६३ मध्ये फुटला तेव्हा हजाराहून अधिक माणसं गेली. २०१७ मध्ये त्याच्या राखेने विमानतळ बंद पडला होता, आणि नंतर पूर्वेकडच्या फ्लोरेस बेटावरच्या ज्वालामुखीनेही बालीची विमानं रद्द केली आहेत. म्हणून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी ऑफिसची महत्त्वाची बैठक ठेवू नका, बाबांच्या रोजच्या गोळ्या चार दिवस जास्तीच्या न्या, आणि विम्याचा क्रमांक, हॉटेलचा पत्ता, तातडीचा ११२ हा क्रमांक एका कागदावर लिहून तो पाचही जणांच्या खिशात ठेवा, मुलीच्यासुद्धा. पासपोर्ट हरवलाच तर बालीत भारताचा वाणिज्य दूतावास आहे. त्यासाठी पासपोर्टची छायाप्रत आणि दोन फोटो वेगळ्या बॅगेत असू द्या.